मेंदूत डाग दिसल्यावर पुढे काय? फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी नेमक्या रेडिएशनची पायरीपायरीने ओळख

अण्णांच्या एमआरआयच्या रिपोर्टात तीन डाग लिहिले होते. एक मोठ्या मेंदूत, दोन लहान मेंदूत. फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान होऊन तेव्हा पाच महिने झाले होते, आणि आमच्या सांगलीच्या घरात सगळ्यांनी एकच अर्थ लावला: मेंदूत गेला म्हणजे संपलं. आत्या देवघरात जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही जे शिकलो ते आधी कुणी सांगितलं असतं, तर मुंबईच्या दोन फेऱ्या, एक एमआरआय आणि कितीतरी रात्रींची झोप वाचली असती. हा लेख त्यासाठी आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी तो वाचू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते ठरवण्यासाठी वाचा.

शरीरातल्या दुसऱ्या अवयवातून मेंदूत पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये फुप्फुसाचा क्रमांक पहिला लागतो. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या डॉक्टरांसाठी ही परिस्थिती नवी नाही, आणि तिच्यासाठी आखलेली वाट आहे.

आधी दोन शेकांमधला फरक

आपल्याकडे रेडिएशनला कुणी शेक म्हणतं, कुणी लाइट देणं म्हणतं. मेंदूच्या बाबतीत या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळे उपचार येतात, आणि घरच्यांचा सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

पहिला म्हणजे अख्ख्या मेंदूला शेक. बहुतेक वेळा दहा दिवसांत ३० ग्रे, रोज थोडा थोडा. ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक. यात दिसणारे डाग आणि न दिसणाऱ्या पेशी, दोन्हींवर मारा होतो, पण निरोगी मेंदूलाही तेवढेच किरण लागतात. केस जातात, थकवा येतो, आणि पुढे स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो.

दुसरा म्हणजे फक्त डागांना दिलेला शेक, स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी. रुग्णालयात सगळे एसआरएस म्हणतात. यात अनेक दिशांनी बारीक किरण सोडतात. जुन्या वाड्याच्या चारही बाजूंच्या पागोळ्या बारीकच असतात, पण सगळं पाणी चौकातल्या मोरीशी आलं की त्याचा लोंढा होतो. तसा एकेक किरण वाटेतल्या मेंदूला फारसं दुखवत नाही, सगळे जिथे मिळतात तिथे मात्र मात्रा जबर असते. नेमकेपणा मिलिमीटरच्या आत असतो. नावात ‘सर्जरी’ असली तरी डोकं उघडत नाहीत. हा शब्द लार्स लेक्सेल या स्वीडिश न्यूरोसर्जननी १९५१ साली वापरात आणला. कवटी न उघडता खोलवर पोचायचं, हाच त्यांचा ध्यास होता.

आम्हाला फोनवर कळलं ते एवढंच, "डोक्याला शेक द्यायचाय." कोणता, हे आम्ही विचारलंच नाही. तुम्ही विचारा.

पहिली पायरी: एमआरआय उपचाराच्या कामाचा आहे का ते बघा

माझ्या मते अख्ख्या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. लोक मशीनच्या नावामागे धावतात, पण मशीन तिथेच मारा करणार जिथे एमआरआयने डाग दाखवलाय.

आमचा पहिला एमआरआय घाईत काढलेला, इंजेक्शन न देता. मुंबईच्या किरणोपचारतज्ज्ञांनी तो पाहिला आणि शांतपणे सांगितलं, "यावर प्लॅनिंग होणार नाही." दुसरा काढला तेव्हा तीनाचे पाच डाग निघाले. अण्णांनी विचारलं, "आठवड्यात दोन वाढले?" वाढले नव्हते. आधीपासून होते, पण इतके बारीक की कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे डाग उठून दिसावेत म्हणून देतात त्या इंजेक्शनशिवाय, दिसलेच नाहीत.

म्हणून एमआरआय कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन, मिलिमीटरभर जाडीच्या पातळ कापांचा हवा. रेफरन्स चिठ्ठीवर तसं लिहून घ्या. इंजेक्शनमधलं गॅडोलिनियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट जवळ ठेवा. पेसमेकर असेल, डोक्यात किंवा शरीरात कुठे धातूची क्लिप असेल, तर वेळ घेतानाच सांगा. फिल्मवर भागत नाही, सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ प्रतिमा मागून घ्या आणि त्या उघडतात की नाही ते सेंटर सोडण्याआधी पाहा. आणि एमआरआय शिळा नको. तो आणि उपचार यांत एक-दोन आठवड्यांहून जास्त अंतर पडलं तर डागाचा आकार बदललेला असू शकतो, म्हणून बरीच रुग्णालयं उपचाराच्या तोंडावर स्वतःचा एमआरआय पुन्हा काढतात. तो खर्च वायफळ नाही.

दुसरी पायरी: डाग मोजा, पण नुसता आकडा धरून बसू नका

पूर्वी तीन-चार डागांपर्यंतच एसआरएस, त्यापुढे अख्खा मेंदू, असा ढोबळ हिशेब होता. पाच डाग ऐकून आम्हीही हाच हिशेब लावला आणि खचलो. पण जपानमध्ये १,१९४ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेकांचा कॅन्सर फुप्फुसाचाच होता. २ ते ४ डाग असलेले आणि ५ ते १० डाग असलेले, दोन्ही गटांना फक्त एसआरएस दिला, आणि दोन्ही गटांचं मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, १०.८ महिनेच निघालं. त्यात अटी होत्या: सगळ्यात मोठा डाग ३ सेंटिमीटरच्या आत, आणि सगळ्या डागांचं मिळून आकारमान १५ मिलिलिटरपर्यंत. थोडक्यात, डागांच्या संख्येइतकंच त्यांचं एकूण आकारमान बघायचं असतं.

हा १०.८ महिन्यांचा आकडा वाचून घाबरू नका. तो गटाचा आहे, तुमच्या माणसाचा नाही, आणि त्या काळानंतर फुप्फुसाच्या कॅन्सरची औषधं खूप बदलली आहेत.

डाग किती सेंटिमीटरचा, यावर मात्रा ठरते. अमेरिकेत नव्वदच्या दशकात झालेल्या अभ्यासातून आलेला हिशेब आजही पाया मानला जातो: २ सेंटिमीटरपर्यंत एका बैठकीत २४ ग्रे, २ ते ३ पर्यंत १८, ३ ते ४ पर्यंत १५. प्रत्यक्षात तज्ज्ञ यात कमी-जास्त करतात. मोठ्या डागाला मात्रा कमी का, हे अण्णांना पटत नव्हतं. कारण असं, की डाग जितका मोठा तितका त्याच्या कडेचा जास्त निरोगी मेंदू किरणांच्या वाटेत येतो. म्हणून मोठा डाग किंवा नाजूक जागा असेल तर एका बैठकीऐवजी तीन किंवा पाच बैठका करतात, उदाहरणार्थ तीन दिवसांत २७ ग्रे.

डाग ३ सेंटिमीटरच्या वर, मेंदूला ढकलणारा, किंवा लहान मेंदूत पाण्याची वाट अडवणारा असेल, तर आधी शस्त्रक्रिया आणि मग त्या पोकळीला शेक असा क्रम लागू शकतो. न्यूरोसर्जनचं मत तेव्हा टाळू नका.

तिसरी पायरी: जीन रिपोर्ट आला का?

हा प्रश्न किरणोपचाराच्या ओपीडीत विचारायचा राहून जातो, कारण तो ‘छातीच्या डॉक्टरांचा’ वाटतो. पण याच एका कागदाने पूर्ण आराखडा बदलू शकतो.

फुप्फुसाच्या कॅन्सरचे नॉन स्मॉल सेल आणि स्मॉल सेल असे दोन मुख्य प्रकार. नॉन स्मॉल सेल प्रकारच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः त्यातल्या अॅडिनोकार्सिनोमा या उपप्रकारात, पेशींच्या जीनमध्ये ईजीएफआर किंवा एएलके यांसारखे बदल सापडू शकतात. भारतीय रुग्णांमध्ये ईजीएफआरचं प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा जास्त आहे. त्यावरच्या नव्या गोळ्या, ईजीएफआरसाठी ओसिमर्टिनिब, एएलकेसाठी अॅलेक्टिनिब किंवा लोर्लाटिनिब, मेंदूतही चांगल्या पोचतात. डाग बारीक असतील आणि त्रास काहीच नसेल, तर काही तज्ज्ञ आधी गोळी सुरू करून एमआरआयवर लक्ष ठेवतात. काहीजण आधी एसआरएस करून घ्या म्हणतात. यावर तज्ज्ञांमध्ये खरोखरच दोन मतं आहेत, म्हणून दोन डॉक्टरांनी वेगवेगळं सांगितलं तर त्यातला एक चुकतोय असं समजू नका. कारण विचारा.

बायोप्सीचा तुकडा पुरेसा नसेल तर रक्तावरही ही तपासणी होते. अण्णांचं तसंच झालं. ईजीएफआर निघाला, पण लहान मेंदूतल्या मोठ्या डागामुळे ते चालताना एका बाजूला झुकत होते, म्हणून डॉक्टरांच्या बैठकीत ठरलं की आधी एसआरएस आणि लगेच गोळी. त्यानंतरचे दोन गणपती अण्णांनी घरीच बसवले.

स्मॉल सेल प्रकाराचं गणित वेगळं. तो झपाट्याने पसरतो, म्हणून तिथे परंपरेने अख्ख्या मेंदूचा शेक देतात. निवडक रुग्णांत एसआरएसचा विचार आता होऊ लागला आहे, पण तो निर्णय तज्ज्ञांवर सोडा.

चौथी पायरी: ओपीडीत काय विचारायचं

वही न्या. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. आमच्याकडे माझा भाऊ बोलायचा, मी लिहायचे. घरी येऊन वाचलं की अर्ध्या गोष्टी तेव्हा कळायच्या.

मला सगळ्यात उपयोगी वाटलेले प्रश्न हे. फक्त डागांना शेक देता येईल का, नसेल तर का? अख्ख्या मेंदूला द्यायचा असेल तर स्मरणशक्तीचा भाग, हिपोकॅम्पस, वाचवून देता येईल का, आणि सोबत स्मरणशक्ती जपण्यासाठीची मेमॅन्टिन गोळी देणार का? एका बैठकीत की तीन-पाच? सध्याची गोळी किंवा इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं औषध, त्या दिवसांत थांबवायची का? आमची केस ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या बैठकीत, ठेवली का? आणि पुढचा एमआरआय कधी?

पहिल्या प्रश्नाला एवढं वजन का, तेही सांगते. अमेरिकेत १ ते ३ डागांच्या २१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ साली छापून आला. एसआरएससोबत अख्ख्या मेंदूला शेक दिलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के लोकांची विचारशक्ती तीन महिन्यांत घटलेली आढळली. फक्त एसआरएस घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६४ टक्के होतं. आयुष्य मात्र जास्तीच्या शेकाने वाढलं नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: फक्त एसआरएस घेतला तर मेंदूत दुसरीकडे नवे डाग येण्याची शक्यता जास्त राहते, आणि अनेकांना वर्षभरात ते येतात. पुन्हा एसआरएस करता येतो, पण त्यासाठी एमआरआय चुकवायचा नाही. हा सौदा समजून मगच होकार द्या.

मशीनबद्दल थोडंसंच. गॅमा नाइफमध्ये कोबाल्टचे जवळजवळ दोनशे स्रोत एका बिंदूकडे रोखलेले असतात. सायबरनाइफमध्ये यंत्रमानवी हातावर मशीन फिरतं. लिनॅक हे नेहमीचंच रेडिएशनचं मशीन, एसआरएससाठी खास जुळवलेलं. तिन्हींनी चांगलं काम होतं. जाहिरातीतलं नाव बघून जिल्हे ओलांडण्यापेक्षा, तिथे मेंदूच्या डागांचे असे रुग्ण नियमित होतात का आणि किरणांचा हिशेब बघणारा मेडिकल फिजिसिस्ट पूर्ण वेळ आहे का, हे विचारा.

माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, बाकीच्या शरीरात आजार हाताबाहेर गेला असेल, तर "काहीच करू नका" हा सल्लाही प्रामाणिक असू शकतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ५३८ रुग्णांवर अभ्यास झाला. ते शस्त्रक्रिया किंवा एसआरएसला योग्य नव्हते. अख्ख्या मेंदूच्या शेकाने त्यांच्या आयुष्यात किंवा जगण्याच्या दर्जात लक्षणीय फरक पडला नाही. स्टेरॉइड, वेदनाशमन आणि घरची काळजी हाच तिथे उपचार. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, टीमची ओळख मात्र सगळ्यांनीच लवकर करून घ्यावी.

पाचवी पायरी: स्टेरॉइड, फिट आणि शुगर

डागाभोवती सूज असते, आणि डोकेदुखी, उलटी, तोल जाणं हे बऱ्याचदा त्या सुजेमुळे होतं. त्यावर डेक्सामेथासोन देतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस एकदम बरा वाटायला लागतो, आणि घरचे गोळी बंद करतात. असं कधीही करू नका. ती टप्प्याटप्प्याने, डॉक्टर सांगतील तशीच कमी करायची असते.

गोळी सकाळी नाश्त्यानंतर, दुसरा डोस असेल तर दुपारपर्यंत. रात्री घेतली तर झोप उडते. सोबत ॲसिडिटीची गोळी असते. मधुमेह नसलेल्या माणसाचीही शुगर वाढू शकते, आणि मधुमेही माणसाची तर हमखास. अण्णांची चारशेच्या वर गेली, तोवर आम्ही घसा कोरडा पडतोय म्हणून त्यांना सरबत पाजत होतो. ग्लुकोमीटर पहिल्याच दिवशी आणा.

फिट आली असेल तर लेव्हेटिरासेटामसारखं औषध देतात. कधीच आली नसेल तर नुसतं खबरदारी म्हणून ते सहसा लागत नाही. फिट आलेल्या माणसाने गाडी चालवायची नाही. स्कूटरही नाही, शेतातला ट्रॅक्टरही नाही.

सहावी पायरी: पैसे आणि राहण्याची सोय

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयात गेल्याबरोबर आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, भेटा आणि नेमकं विचारा: याच रुग्णालयात, याच मशीनवर, एसआरएस योजनेत बसतो का? ‘रेडिएशन बसतं’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का तेही आधी तपासा. गोव्यातल्या रहिवाशांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी करता येते.

खासगी विमा असेल तर एक मुद्दा लक्षात ठेवा. विमा नियामकाने आधुनिक उपचारांची जी यादी केली आहे, तिच्यात स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी आहे आणि तोंडावाटे घ्यायची केमोथेरपीही आहे. हे उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाहीत. रकमेची उपमर्यादा मात्र असू शकते. ‘रात्रभर दाखल नव्हते’ म्हणून दावा अडला, तर हा डे केअर उपचार आहे असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

परळच्या टाटा रुग्णालयात जाणार असाल तर दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, या दोन जागा रुग्णांच्या घरच्यांना परिचित आहेत. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून आधी फोन करा. रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री एसीला मूळ भाड्यात पूर्ण सवलत असते. ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र रुग्णालय देतं.

सातवी पायरी: प्रत्यक्ष उपचार

हा भाग बाहेरून वाटतो तितका भीतीदायक नाही. डोकं हलू नये म्हणून एकतर मुखवटा करतात किंवा फ्रेम लावतात. मुखवट्याची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणतात, काही मिनिटांत ती कडक होते. फ्रेम लावताना चार जागी भूल देऊन पिना बसवतात. सुई टोचताना दुखतं, नंतर फक्त दाब जाणवतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हे ठरण्याआधीच सांगा. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही सांगा, हलकी गोळी देता येते.

मग सीटी होतो, एमआरआय त्यावर जुळवतात, आणि डॉक्टर व फिजिसिस्ट आराखडा करतात. उपचार मशीननुसार पंधरा-वीस मिनिटांपासून दोन-तीन तासांपर्यंत. काही दिसत नाही, भाजत नाही. अण्णा आत विठ्ठलाचा जप करत पडून होते. संध्याकाळी घरी.

एक गोष्ट ठामपणे सांगते: या उपचारानंतर माणसाच्या अंगात किरण राहत नाहीत. नातवंडांना जवळ घ्यायला, एका ताटात जेवायला काहीही हरकत नाही. आमच्याकडे शेजारच्यांनी दोन दिवस मुलांना पाठवलं नव्हतं, ते अण्णांना फार लागलं.

आठवी पायरी: नंतरचे महिने

पहिले काही दिवस थकवा, थोडी डोकेदुखी, मळमळ होऊ शकते. केस सहसा जात नाहीत. डाग कवटीलगत असेल तर तेवढाच चट्टा पडतो.

एमआरआय दर दोन-तीन महिन्यांनी. लहान डाग वर्षभर काबूत राहण्याचं प्रमाण साधारण ऐंशी ते नव्वद टक्के असतं, पण ते लगेच नाहीसे होत नाहीत. कधी आधी थोडे सुजून मोठे दिसतात आणि मग आक्रसतात. सहा महिन्यांनंतर, कधी वर्षभरानेही, किरणांनी मेलेल्या पेशींभोवती सूज येऊ शकते. तिला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात. एमआरआयवर ती आणि परतलेला कॅन्सर अगदी सारखे दिसतात. म्हणून रिपोर्टात ‘डाग वाढला’ असं वाचून रात्रभर रडू नका, जसं आम्ही रडलो. डागातला रक्तप्रवाह दाखवणारा परफ्यूजन एमआरआय किंवा विशिष्ट पेट स्कॅन यांनी बराच उलगडा होतो. नेक्रोसिसवर स्टेरॉइड, बेव्हासिझुमॅब किंवा क्वचित शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. प्रत्येक वेळी जुन्या सगळ्या सीडी सोबत न्या, कारण तुलना केल्याशिवाय एकट्या एमआरआयचा अर्थ नीट लागत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर रुग्णालयाचा आपत्कालीन नंबर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्या सगळ्यांना ते पान दाखवा. फिट आली, सकाळची डोकेदुखी उलटीसह वाढत गेली, बोलणं अडखळायला लागलं, एका बाजूचा हात-पाय जड झाला, माणूस नेहमीपेक्षा जास्त झोपायला लागला, तर रात्रीचे अडीच वाजले असले तरी फोन करा. पुढच्या तारखेची वाट बघू नका.